मच्छिंद्रची 'दुसरी पाळी'

मच्छिंद्रला सरळ बोलताच यायचं नाही. जवळ एखादं यंत्र चालू असलं की याचं बोलणं आपोआप त्या ठेक्यात जायचं. लोणी देवकरच्या एका कंपनीत आम्ही दोघं पत्रे दाबायच्या प्रेसवर होतो. प्रेस धाडधाड चालायची आणि हा पठ्ठ्या पत्रा सरकवता सरकवता म्हणायचा, "पत्रा दे, पाना दे, तंबाखू असली तर चिमूटभर दे!" पहिल्या दिवशी मला वाटलं, गडी डोक्यानं जरा हललेला दिसतोय. महिनाभरात मीही त्याच ठेक्यात पाना द्यायला लागलो.

मी सणसरचा, तो अंथुर्ण्याचा. कंपनीची गाडी आधी मला घ्यायची, मग त्याला. नव्वदीच्या मध्यावर कधीतरी त्याच्या हाती एक कॅसेट लागली. पुण्याहून कुणीतरी भरून आणलेली, वर नाव नाही, गाव नाही. अमेरिकेतली काळी पोरं तीत नुसती ठेक्यावर बोलत होती. एक शब्द कळेल तर शपथ! गाडीतली माणसं ओरडायची, "बंद कर ते भांडण!" मी म्हटलं, "अरे, तुला तरी काय कळतंय यातलं?" तर म्हणाला, "कळायचंय काय त्यात? कुणीतरी ह्यास्नी दारातनं हाकललंय, आन् हे आता त्याच दारात हुभं ऱ्हाऊन बोलत्यात."

मग स्वतःची कॅसेट काढायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. बारामतीत लग्नाच्या बँडची आणि जयंतीची गाणी भरून देणारा एक जण होता, त्याच्याकडं आम्ही गेलो. त्यानं ठेक्याचा ऑक्टोपॅड जोडला, माइक लावला आणि विचारलं, "गाणारा कधी येणार?"

"मीच की."

"मग गा ना."

"मगाधरनं गातोय की!"

त्या माणसानं कपाळावर हात मारला. पण कॅसेट झाली. नाव ठेवलं 'दुसरी पाळी', कारण कंपनीत आमची पाळी तीच. दुकानात ती कधी दिसली नाही, हातोहातच फिरली. सगळ्यात गाजला तो हा तुकडा:

"नाव सांगितलं, हसून बसला,
गाव सांगितलं, जवळ सरकला,
आडनाव सांगितलं, घड्याळ बघितलं,
सायबाला लगीच काम आठवलं!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो आणि हसता हसता गप्प झालो. आम्ही उसाची शेती असलेली माणसं. माझं आडनाव ऐकून कुणाला घड्याळ बघावं लागलं नव्हतं, आणि बाजूला बसणाऱ्या मित्राचं हे रोजचं होतं, हे मला त्या कॅसेटनं सांगितलं.

लोकांचं म्हणाल तर एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. उसाचे ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली, कारण "ह्याच्यानं झोप लागत न्हाय". ही तारीफ की तक्रार, देव जाणे. बारामतीचे एक प्राध्यापक म्हणाले, "विचार चांगला आहे, पण याला गाणं म्हणवत नाही." कंपनीतल्या साहेबानं ऐकली आणि दोन आठवडे मच्छिंद्रकडं बघितलं नाही. वस्तीतली तरणी पोरं पाठ करून म्हणायची आणि म्हातारी माणसं विचारायची, "ह्यो एवढा कुणावर चिडलाय?"

हे सगळं मच्छिंद्र हसण्यावारी न्यायचा. अडचण घरात होती. त्याचे वडील, सोपानतात्या, पंचक्रोशीतले नावाजलेले गायक. त्यांची गायनपार्टी गावोगाव जयंतीला जायची. पेटी तात्यांची, आवाज तात्यांचा. मच्छिंद्र त्यांच्याच मांडीला मांडी लावून शिकला होता. साऱ्या तालुक्यानं नावं ठेवली असती तरी त्याला चाललं असतं. तात्यांनी एकदा 'बरं झालं' म्हणावं, एवढीच त्या माणसाची भूक होती. आणि तात्यांनी कॅसेट ऐकल्यापासून त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

एका सुट्टीला मी अंथुर्ण्याला गेलो. मच्छिंद्र दळण आणायला गेला होता. मी तात्यांना सरळच विचारलं, "तात्या, एवढं वाईट झालंय का हो?"

"वाईट कोण म्हणतंय?" तात्या उसळले. "मला त्यातलं कळत न्हाय, पर त्याचा राग न्हाय. पाव्हणं, आमच्यात शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घेत्यात. माझ्या गुरूचं मी आजवर घेत आलो. ह्यानं सगळी कॅसेट भरली आन् माझं नाव कुठंच न्हाय. लाज वाटली आसंल बापाची."

तेवढ्यात मच्छिंद्र पिठाचा डबा घेऊन दारात आला. त्यानं शेवटचं वाक्य ऐकलं होतं. डबा खाली ठेवून माझ्याकडं बघत म्हणाला, "विलास, तात्यास्नी सांग, लाज न्हवती वाटली. मला ठावं हुतं, लोक शिव्या घालणार. एवढी वर्सं कमावलेलं नाव त्यांचं, त्याला कशाला डाग? मला पडंल ती पडू दे म्हनलं."

"त्याला सांगा पाव्हणं..." तात्यांनी सुरुवात केली आणि माझं डोकं फिरलं. "काय पोस्टमन समजलात काय मला? दोन हातांवर तर आहात, बोला की एकमेकांशी!"

 तात्या पोराकडं वळून म्हणाले, "आमी गायला बसायचो तवा मंडपावर धोंडं पडल्यात. माझ्या कपाळाला लागलंय. त्या दिशी मी गुरूचं नाव गाळलं व्हय रं? उलट मोठ्यानं घेतलं. शिव्या पडायच्या तितंच नाव घ्यायचं आसतंय, मच्छिंद्रा. हार पडत्यात तितं कुणीबी घेतंय."

मच्छिंद्र मान खाली घालून उभा होता. 

पुढच्या जयंतीला अंथुर्ण्याच्या मंडपात तात्यांचं गायन झालं आणि त्यानंतर मच्छिंद्र उभा राहिला. नुसती हलगी आणि त्याचं बोलणं. पुढं पोरं नाचत होती, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, काही म्हातारे उठून चहाला गेले. तात्या माझ्या शेजारी बसले होते. ठेका त्यांना गवसत नव्हता, हात चुकीच्या जागी पडत होता, तरी मांडीवर थाप देत होते.

शेवटचं कडवं आलं. मच्छिंद्रनं हलगीवाल्याला हातानं थांबवलं आणि मोकळ्या आवाजात म्हणाला, "सोपानाचा चेला हाय, सोपान माझा गुरू!"

मागून कुणीतरी बोंबललं, "आरं बास कर की आता, कुणाचा का आसंना!"

माझा हात शिवशिवला. मी मागं वळून उठायला लागलो, तर तात्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"बसा पाव्हणं," ते म्हणाले, "ही शिवी माझ्या वाट्याची हुती."