एस्तरबाईंचं ताट

दहावीची परीक्षा जवळ आली, की एस्तरबाई प्रार्थनेच्या तासाला हातात मोठं ताट घेऊन वर्गात यायच्या. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि वर फळांच्या फोडी. हा मलिदा. एलियाहू पैगंबराचं नाव घेऊन त्या तो पोरांच्या हातावर ठेवायच्या.

मुंबईजवळच्या ज्यूंच्या एका खासगी शाळेत मी विज्ञान शिकवायचो, त्या हिब्रू आणि प्रार्थना. मी वडूजचा. बाईंचे वडील कोरेगावला कंपाउंडर होते, त्यामुळे हिब्रू सोडलं तर बाईंचं सगळं बोलणं आमच्याकडचं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वडूजचा व्हय? मग आवोजावो कशाला करू तुला?"

पुढे परदेशात शिकलेले नवे धर्मशिक्षक रुजू झाले. त्या वर्षी महाबळेश्वरची सहल परतताना बाईंच्या साताऱ्यातल्या घरी थांबली. बाईंनी मलिद्यावर स्ट्रॉबेरी कापून घातल्या होत्या. पोरांनी हात पुढे केले, तोच हे सर म्हणाले, "थांबा. हे आपल्या ग्रंथात नाही. इथल्या हिंदूंचं बघून उचललंय." पोरांनी हात मागे घेतले. ज्या बाईंनी त्यांना प्रार्थनेचा पहिला शब्द शिकवला, त्यांच्याच घरात. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

बाईंचा आवाज मात्र चढला नाही. "आमच्याकडं ना ग्रंथ हुता, ना कुणी शिकवणारा. शेकडो वर्सं ह्या ताटाम्होरं बसूनच आमी ज्यू ऱ्हायलो. तुमी न्हाई खाल्लं तरी चालंल. पर माझ्या घरात मला परकी ठरवू नका."

आठवड्याभरात मलिदा बंद झाला आणि प्रार्थनेचा तास बाईंकडून काढून घेतला. त्यांना ग्रंथालयात बसवलं. मी व्यवस्थापनाशी भांडायला गेलो, तर उत्तर मिळालं, "सर, हा आमच्या धर्माचा प्रश्न आहे." जणू बाई त्यांच्या धर्मातल्या नव्हत्याच. बाई मलाच म्हणाल्या, "गप ऱ्हा बाबा, तुझी नोकरी जाईल." स्वतः मात्र राजीनामा देऊन साताऱ्याला निघून गेल्या.

गेल्या हिवाळ्यात परीक्षेच्या तोंडावर त्यांना भेटायला साताऱ्याच्या दवाखान्यात गेलो. ती शेवटची भेट. त्यांनी विचारलं, "पोरं मलिदा करत्यात का रं?"

"करतात की," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. "खोटं बोलतूस. केला असता तर तू माझ्यासाठी आणला असतास."