दुसरा ड्रम

“हात मागं.” एवढं ऐकू येईपर्यंत त्याची लाकडी फूटपट्टी मनगटावर बसलेली असायची. आधी मार, मग शब्द. मावला गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तो वेल्डिंग मिस्त्री आणि मी कागदपत्रं सांभाळणारा. मीही तीन-चारदा फटके खाल्ले. असे तापट कारागीर तुम्हीही पाहिले असतील. आपण त्यांना मागून शिव्या घालतो आणि समोर चहा देतो.

आमच्याकडं स्टेनलेसचे जाड ड्रम बनत. अणुवीज केंद्रातला किरणोत्सारी कचरा त्यांत वर्षानुवर्षं राहणार होता. घामेजला हात, साधा खडू, काहीच मिस्त्री त्यांना लागू देत नसे.

“काऊन एवढं मारता मिस्त्री? स्टेनलेसला गंज येते का?” एकदा मी चिडून विचारलं.

“गंज आला असता तर मह्या भावाला दिसला असता, बाबू.”

भाऊ दुसऱ्या एका कारखान्यात कामाला होता. तिथली गरम पाण्याची स्टेनलेसची पाइप वरून चकचकीत, पण तिच्यावरच्या वेष्टणात खारं पाणी मुरत राहिलं. जोडापाशी केसाएवढ्या चिरा आतल्या आत वाढल्या. एक दिवस पाइप फाटली आणि भावाची कातडी शर्टासोबत निघाली. “जोडात ताण असते. त्याले मीठ भेटलं का स्टील गुपचूप तडकते,” मिस्त्री म्हणाला. त्यानंतर त्याचा मार मला कमी लागू लागला, खोटं कशाला बोलू.

पहिले दोन ड्रम पाठवायच्या सकाळी मालकानं हार-उदबत्ती आणली आणि एका ड्रमच्या काठावर नारळ फोडला. पाणी जोडावरून ओघळून झाकणाच्या फटीत गेलं, शेजारच्या ड्रमच्या जोडावरही उडालं. आम्हाला कोणाला काही वाटलं नाही. उलट खोबऱ्यासाठी हात पुढं झाले.

मिस्त्रीनं मालकाच्या हातातली नारळाची वाटी हिसकावून भिंतीवर आपटली. “मीठ हाये त्या पाण्यात. फटीतलं धुऊन निघत नाई. दोनी जोड कापून नवे करा लागते.”

“बोअर के पानी से धो डाल. गाड़ी खड़ी है,” मालक म्हणाला.

“बोअरचं बी खारंच.”

मिस्त्रीनं ग्राइंडर उचलून पहिल्या ड्रमच्या जोडात घातला. मालकानं लोखंडी पाइप उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा उजव्या मनगटावर. हाड मोडलेलं मला ग्राइंडरच्या आवाजातही ऐकू आलं. जोड उकलेपर्यंत तो डाव्या हातानं कापत राहिला. तिसरा घाव डोक्यात बसला. पडता पडता तो माझ्याकडं बघून म्हणाला, “बाबू, दुसरा तू काप.”

ग्राइंडर माझ्या पायाशी फिरत होता. मी तो बंद केला.

दुसरा ड्रम बोअरच्या पाण्यानं धुतला गेला आणि गाडीत चढला. ड्रम निर्दोष असल्याचा कागद मीच लिहिला, सही केली. नोकरी होती, घर होतं, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मी त्या पाइपला भ्यालो होतो.

मग मिस्त्रीला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. त्याच्या रक्तानं माझा शर्ट अंगाला चिकटला होता.

“कापला का, बाबू?” वाटेत शुद्धीवर येताच त्यानं विचारलं.

“कापला,” मी म्हणालो.

“लई चांगलं केलं.” इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तो बेल्लमपल्लीला बहिणीकडं गेला, परत आला नाही. काही महिन्यांनी तिचाच फोन आला. डोक्याच्या मारातून तो सावरला नव्हता, गेला होता.

“दादा शेवटपर्यंत तुमचंच नाव घेई,” ती म्हणाली. “सगळ्याइले सांगे, मावल्यात मह्यासारखाच एक माणूस हाये म्हणून.”

मी “हो ताई” म्हणालो आणि फोन ठेवला.