पहिला बार कुणाचा

आमच्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, पोलिसांची गाडी यायला कारण लागत नसे. आसपासच्या गावात कुणाची शेळी गेली, कुणाच्या विहिरीवरची मोटर गेली, की पहाटे गाडी आमच्याकडे. आम्ही फासेपारधी. आजोबा काळवीट नि तितर फाशात धरायचे. पुढं कायदा आला, शिकार बंद झाली आणि दुसरं काम द्यायला कुणी पुढं आलं नाही. बापाला कितीदा उचलून नेलं याचा हिशेब आईनं ठेवला नव्हता. विचारलं तर म्हणायची, "सणासुदीला तर हमखास." बाप परत यायचा तेव्हा त्याचे तळपाय सुजलेले असायचे. आई हळद लावायची. बाप चौकीतही गप्प असायचा आणि घरीही गप्प. आपलं कोण ऐकणार, हे त्याचं आयुष्यभराचं शहाणपण.

आश्रमशाळेत दोन वेळा जेवण मिळतं म्हणून मला तिथं घातलं. जेवायला गेलो आणि पुस्तकाला चिकटलो. आमच्या बेड्यातला पहिला पदवीधर मी. मग शिष्यवृत्तीवर कोबेला आलो, तिथंच नोकरी लागली, तिथंच लग्न केलं. यात कुणाला फुशारकी वाटली तर वाटू दे. ती मारायचा हक्क मी कमावलेला आहे.

बायको जपानी. तिचं माहेर कोबेच्या उत्तरेला डोंगरात, दोन गाड्या बदलून पुढं बसनं जायचं. सासऱ्यांची डोंगराच्या कुशीत थोडी भातशेती आणि वर देवदाराची झाडं. नव्वदच्या दशकात तिथं हरणं फार माजली. रोपं लावली की रात्रीत साफ. हिवाळ्यात देवदाराची सालं सोलून खायची, झाड उभ्या उभ्या वाळायचं. गावात तरुण उरले नव्हते. शिकार करणाऱ्या टोळीतला सगळ्यांत लहान माणूस साठीला टेकलेला.

एकदा जेवताना सासऱ्यांनी माझ्या घरच्यांचं विचारलं. मी काही झाकलं नाही. आजोबांचे फासे, बापाची चौकी, सुजलेले पाय, सगळं सांगितलं. त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि म्हणाले, "तुझ्या आजोबांना बंद करायला लावलं, ते इथं करून दाखव. परवाना काढ. आम्हाला माणूस हवाय."

परवान्यासाठी पोलीस घरी येतो. बंदुकीचं कपाट भिंतीला ठोकलेलं आहे का बघतो. बायकोला वेगळं बसवून विचारतो, नवरा पितो का, मारतो का. शेजाऱ्यांकडे जाऊन विचारतो, भांडखोर आहे का. तोक्योजवळच्या ग्योतोकुत राहणाऱ्या एका मराठी मित्राला मी हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, मुलगी द्यायच्या आधी आपल्याकडे इतकी चौकशी करत नाहीत!" तो हसला. माझ्या दारात वर्दी उभी होती तेव्हा मला मात्र हसू आलं नव्हतं. बायकोनं चहा दिला, तो माणूस वाकून 'आभारी आहे' म्हणाला आणि गेला. परवाना मिळाला.

रायफल नाही मिळत लगेच. दहा वर्षं गुळगुळीत नळीची बंदूक विनातक्रार सांभाळलेली असेल तरच पुढं रायफलीचा विचार. आमच्या टोळीतले म्हातारे रायफलीच्या फंदात पडले नव्हते, सगळ्यांकडे साधी बंदूक, आणि हरणासाठी तिच्यात छर्ऱ्यांच्या जागी एकच जड शिशाची गोळी. तिला स्लग म्हणतात. नळीला आतून आटे नसतात, त्यामुळं पन्नास मीटरच्या पुढं गोळीचा भरवसा नाही. पण जवळून बसली तर हरणाच्या आरपार जाते आणि पलीकडं जे असेल त्यालाही सोडत नाही. टोळीतल्या सगळ्यांची बारा बोअरची. माझी तेवढी वीसची, म्हणजे बारीक नळीची. टोळीतल्या एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या बायकोनं ती मला स्वस्तात दिली होती.

"बायकांची बंदूक," टोळीतला एक जण मला पहिल्याच दिवशी म्हणाला. त्यानं जन्मभर लाकडाचा ट्रक चालवलेला, जीभ तशीच. गावात मला कुणी नावानं हाक मारत नसे. मुको-सान म्हणायचे, म्हणजे जावईबापू. "मुको-सान, तुमच्याकडे तर हत्तीवर बसून वाघ मारतात ना? इथं पायी चालावं लागतं हां!"

त्यांची पद्धत आपल्या हाक्यासारखीच. टोळीचा प्रमुख, त्यांना ओयाकाता म्हणायचं, कुत्री घेऊन डोंगराच्या धारेवरून खाली यायचे. बाकीचे घळींच्या तोंडाशी आपापला नाका धरून बसायचे. नियम मोजकेच, पण कडक. मागं मातीचा उतार असल्याशिवाय गोळी सोडायची नाही. कुत्र्यांनी जनावर अडवून धरलं असेल तर कुत्रं बाजूला होईपर्यंत थांबायचं. आणि बार काढला की लगेच वॉकीटॉकीवर सांगायचं: मी उडवला, लागला, नाही लागला.

त्या दिवशी जानेवारीतला बर्फ गुडघाभर होता. वरच्या घळीच्या नाक्यावर सासरे, खाली ओढ्याच्या वळणावर मी. वरून कुत्र्यांचं भुंकणं आलं, आधी पळतं, मग एका जागी थांबलेलं. जनावर अडवलं होतं. एक बार वाजला. भुंकणं बंद झालं. मी वॉकीटॉकी कानाला लावून बसलो. त्यातून काहीच आलं नाही.

थोड्या वेळानं ओढ्यातून नर उतरला, एकटाच. तोंड उघडं, पोटाखालचा बर्फ लाल होत चाललेला. मागं कुत्रं नव्हतं. त्याच्या पाठीमागं काठाची माती येईपर्यंत मी थांबलो आणि छातीत गोळी घातली. तो पुढच्या गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. मी सांगितलं, "एक बार. नर. पडला."

घळीत बार घुमतो, कुठून आला ते कळत नाही. ओयाकातांचा आवाज आला, "बार दोन ऐकले."

"माझा एकच."

ते वरून उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर त्यांची तांबूस कुत्री होती, दोन नाक्यांच्या मधे ओढ्याकाठी सापडलेली. मान लोंबत होती. टोळीतली सर्वांत जुनी कुत्री, सगळ्या कुत्र्यांची आई. त्यांनी तिला बर्फावर ठेवलं, टोपी काढली, आणि कुणाकडे न बघता विचारलं, "कुणी?"

ट्रकवाला म्हणाला, "मुको-सानच्या बंदुकीला नळ्या दोन. बारही दोन."

मी बंदूक सांध्यात मोडून नळ्या उघडून दाखवल्या. एका नळीत रिकामं काडतूस, दुसरीत भरलेलं.

"पुन्हा भरायला कितीसा वेळ लागतो? हरणाच्या पोटाला भोक, छातीला भोक. पहिली आरपार गेली, कुत्रीला लागली. नवीन माणूस, घाबरला. होतं असं. कबूल करून टाका, म्हणजे सुटलो."

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांना मी ओतोसान, म्हणजे बाबा, म्हणायचो. ते चष्मा पुसत होते. "ओतोसान," मी म्हणालो, "तुम्ही वर होतात."

"आधी हरीण खाली नेऊ," ते म्हणाले.

त्या क्षणी मला कळलं. त्यांनाही कळलं की मला कळलंय. आता हे असंच मिटणार होतं, मी मान खाली घालायची, सगळे 'बरं, बरं' म्हणणार, आणि परवाना टिकावा म्हणून ओयाकाता पोलिसांकडे माझ्यासाठी जो शब्द टाकायचे, तो थांबवणार. बंदूक जाणार. त्याहून वाईट म्हणजे न केलेली गोष्ट माझ्या नावावर लागणार, आणि तेही माझ्या तोंडून.

मांस कापायच्या शेडमध्ये हरीण टांगलं. माझी गोळी मीच काढली. छातीतून शिरून ती मागच्या मांडीच्या कातड्याखाली अडकली होती. ती फळीवर ठेवून मी म्हणालो, "आता कुत्रीला उघडा. तिच्या अंगावर एकच भोक आहे. गोळी आत आहे."

शेडमध्ये सगळे ताठ झाले. शिकारीत मेलेलं कुत्रं ते कापत नाहीत. अखंड नेऊन धारेवर पुरतात, वर साके, तांदळाची दारू, ओततात.

"कुत्री म्हणजे हरीण नव्हे," ट्रकवाला ओरडला. "ती यांच्या घरातली आहे!"

"मी तरी कुणाच्या घरातला आहे मग?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. जपानीत इतक्या मोठ्यानं मी कधी बोललो नव्हतो. "माझी वीसची आहे. तुम्हीच हसता तिला. गोळी वीसची निघाली तर मी आत्ता चौकीत जाऊन बंदूक देऊन येतो."

ओयाकातांनी कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. मग सुरी दुसऱ्या कुणाच्या हातात न देता स्वतः कापलं. त्यांचे ओठ हलत होते, तिच्याशी बोलत असावेत. खांद्याच्या हाडाशी गोळी सापडली. त्यांनी ती पाण्यानं धुतली आणि माझ्या गोळीशेजारी ठेवली. पुढून दोन्ही चेपल्या होत्या, पण मागचा गोल शाबूत होता. कुणी मोजायची गरज पडली नाही. ती सरळ सरळ बाराची होती.

आता ते एकमेकांकडे बघायला लागले. ट्रकवाल्याचा चेहरा उतरला, कारण त्याचीही बाराचीच.

सासरे रक्त सांडलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. कपाळ जमिनीला लावलं. "माझी," ते म्हणाले. "नराचा खांदा दिसला. ती दिसलीच नाही. डोळ्यांना आता नीट दिसत नाही."

"मग वॉकीटॉकीवर का नाही बोललास?" ओयाकातांनी विचारलं. दोघं शाळेपासूनचे मित्र. ओयाकाता कुत्रीला चादरीत गुंडाळून एकटेच धारेकडे चालू लागले. मांसाचे वाटे नेहमीसारखे सारखे पाडले गेले. सासऱ्यांचा वाटा तिथंच पडून राहिला.

पुढच्या आठवड्यात ते बंदूक पोलिसांकडे जमा करायला निघाले. गाडी मी चालवत होतो. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "मला वाटलं होतं, तू गप्प बसशील."

"का?"

"जावई म्हणून."

"ओतोसान, माझा बाप गप्प बसायचा. त्याचं काय व्हायचं, ते तुम्हाला सांगितलं होतं मी."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर आमच्यात जे बोलणं उरलं ते हवेचं, भाताचं आणि नातवंडांचं. ओयाकाता त्यांना रस्त्यात वाकून नमस्कार करत, पण दोघं एकत्र बसलेले मी पुन्हा पाहिले नाहीत. बायकोनं एकदा मला विचारलं, बाबांना वाचवता आलं नसतं का? मी म्हणालो, आलं असतं, पण मग त्यांच्या जागी मी गेलो असतो.

पुढच्या हिवाळ्यात ओयाकातांनी वरच्या घळीचा नाका मला दिला. ट्रकवाला खाली बसला. परवाना मुदतीनंतर पुन्हा वाढवून मिळाला, आणि त्यासाठी टोळीतल्या प्रत्येकानं माझ्या बाजूनं शब्द टाकला.