तीन गाड्यांत तिसरा

गेल्या उन्हाळ्यात, टाकवे बुद्रुकच्या यात्रेला थोडेच दिवस उरले असताना, मी माझा बैलगाडा शर्यतीचा गेम इंटरनेटवरून काढून टाकला. तो तिथे आठवडाभरही टिकला नाही.

मी लोणावळ्याजवळ वलवणला राहतो आणि ब्राउझरमध्ये चालणारे गेम एकटाच बनवतो. हे गेम विकत घ्यावे लागत नाहीत, फोनमध्ये उतरवून घ्यावे लागत नाहीत आणि साहेब आला की एका बोटाने बंद होतात. लोणावळ्यात हा व्यवसाय कुणाला समजावता येत नाही. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस आमच्याकडे बंगल्यांचं बुकिंगच करतो. आईनेही चारचौघांत तेच सांगायला सुरुवात केली होती, कारण बुकिंगला प्रतिष्ठा आहे.

त्याआधी मी वर्तमानपत्रात होतो. अचूकतेची खोड तिथली. गेममधला एक बैल मी टाकव्यात मामाच्या शेजारी राहणाऱ्या आबांच्या बैलावरून हुबेहूब काढला: पांढरा, कपाळावर काळा ठिपका, डावं शिंग टोकाला वळलेलं. आबांनी फोटो काढू दिले, वर चहाही पाजला.

परदेशातल्या एका साइटने तो गेम पहिल्या पानावर लावायचं कबूल केलं. तपासणी संपेपर्यंत तो नेटवर राहावा, एवढीच अट होती. मी कौतुकाने मामाला लिंक पाठवली. मामाने गेम खेळून त्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरवला. व्हिडिओत आबांचा बैल तिसरा आला. गाडे तीनच होते.

गाड्याचे सगळे बैल एकाच मालकाचे असतात असं नाही. जोडीदार बैल दुसऱ्या गावातून ठरवतात, आणि तो मिळतो आपल्या बैलाच्या नावलौकिकावर. आबांनी हिवाळाभर खेपा घालून शेजारच्या गावातला एक नावाजलेला बैल ठरवला होता. त्याच्या मालकाने व्हिडिओ पाहिला आणि पुढच्या वर्षी बघू, असं फोनवर कळवलं.

मामाने मला बोलावून घेतलं. आबा ओट्यावर बसले होते.

"माजा बैल तिसरा कसा आला रं?"

"आबा, ते खेळणाऱ्याच्या बोटावर असतं. जितकं पटापट दाबाल तितका गाडा पळतो."

"मग बोट कुनाचं व्हतं?"

मामाने छपराकडे पाहिलं. "एका हातात तंबाकू व्हती, आबा."

"तुज्या तंबाकूपायी माजी जोडी मोडली व्हय! चुना लावायचा तर पानाला लाव की, मला कशापायी?"

मामा हात धुऊन पुन्हा खेळला. या वेळी आबांचा बैल पहिला आला. तो व्हिडिओ मालकाला पाठवला. त्याने लगेच फोन केला. आबांनी स्पीकर लावला.

"गेम बनवनारं पोरगं तुमच्याच शेजाऱ्याचा भाचा हाय म्हनं. मग आता पहिलाच येनार की! तिसरा आलता तवा कुनी शिकवलं नव्हतं."

तीस-पस्तीस ओळींचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, पण पहिला निकाल पंचांचा आणि दुसरा सेटिंगचा, हे एव्हाना दोन गावांत ठरलं होतं. बैलाचा वेग वाढवून उपयोग नव्हता, कमी करून तर नव्हताच.

"मग काय करू म्हनता?" आबांनी विचारलं.

"नेटवर तुमचा बैल हरतोय तवर माजा बैल न्हाई यायचा. ते काडा तितनं, मग बगू."

फोन ठेवल्यावर आबा माझ्याशी पहिल्यांदाच हळू बोलले. "माज्या बैलाचं वय झालंय. पुढल्या वर्षी शर्यतीचा घाट न्हाई चढायचा."

मी ओट्यावर बसूनच फोनवरून गेम काढला. साइटला तसं कळवलं. त्यांनी आभार मानले आणि पहिल्या पानावरची जागा फुगे फोडणाऱ्या मांजराला दिली.

यात्रेच्या सकाळी तो मालक बैल टेम्पोत घालून टाकव्याला आला. दुपारी दोन्ही बैल एका जुवाखाली जुंपले गेले आणि गाडा सुटला.