सावनी माणसं चालवते

सावनी लिमये आमच्या कॅज्युअल्टीत आली तेव्हा तिला काय काम सांगायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इथे हायवेवरचे अपघात येतात, आंब्यावरून पडलेले गडी येतात, छातीत कळ आलेले येतात. त्यात फिजिओथेरपिस्ट कशाला? वॉर्डबॉय तिला ‘मालिशवाल्या मॅडम’ म्हणायचे आणि मी फिदीफिदी हसायचे. मी इथली जुनी सिस्टर. नवीन माणूस दिसलं की माझी जीभ शिवशिवते.

हसू फार टिकलं नाही. चक्कर येते म्हणून ज्यांना आम्ही सलाईन लावून झोपवायचो, त्यातल्या कित्येकांची मान ती हातात धरून हळूहळू फिरवायची आणि माणूस उठून चालायला लागायचा. पण तिचं मुख्य काम वेगळंच. एक्स-रे चांगला आला, डॉक्टर ‘घरी न्या’ म्हणाले, की ती म्हाताऱ्या माणसाला खाटेवरून उतरवून चालवून बघायची. घराला पायऱ्या किती, संडास आत की बाहेर, सोबतीला कोण, सगळं विचारायची. तिने होकार दिला तरच आम्ही सोडायचो.

सुरुवातीला ती फार हळहळायची. जेवणाचा डबा तसाच परत न्यायची. मग तेही थांबलं. स्ट्रेचरवर कुणीही आलं तरी तिचा आवाज तोच आणि चेहरा तोच. मी तिला नावं ठेवणार नाही, माझंही तसंच झालंय. आत काही हलतच नाही.

सोनूबाईंना त्यांचा पुतण्या रघू संगमेश्वरकडच्या एका वाडीतून टेम्पोत घालून घेऊन आला. गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरताना पाय सटकला होता. रीतीप्रमाणे आधी घरच्या घरी तेल चोळून झालं, शेकून झालं, निर्गुंडीचा पाला बांधून झाला. तरी लंगडतात म्हणून आणलं. एक्स-रेत काही दिसलं नाही. शार्दूल डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

सावनीने त्यांना उभं केलं. बाई चालल्या की! खाटेच्या कडेला हात लावून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पदराचं टोक दातात धरलेलं. आपल्या बायका कामाला लागल्या की धरतात तसंच, मला काही वेगळं वाटलं नाही. सावनीने मात्र त्यांना आडवं केलं आणि गुडघा न वाकवता पाय उचलायला सांगितलं. पाय उचलेना. तिने टाचेवर मुठीने हलकेच ठोकलं, तेव्हा दातातला पदर फाटला.

रघू गोळ्या आणायला गेला तशी सोनूबाईंनी तिचा हात धरला.

“बाय, नको सांगू कुनाला. सदूला कळला तर मना मुंबयला नेल.”

सदू त्यांचा मुलगा. वाडीतली बहुतेक घरं अशीच, सगळी माणसं मुंबईत आणि मागे एकजण घर उघडं ठेवायला. घर उघडं म्हणजे रोज सांजेला देवापुढे दिवा लागला पाहिजे. गणपतीला, शिमग्याला सगळे येतात ते त्या दिव्याच्या भरवशावर. सोनूबाईंच्या घरात त्या एकट्याच उरल्या होत्या.

“घर बंद पडंल गो,” त्या म्हणाल्या.

“आजी, पाय बरा झाला की घरी जाल,” सावनी म्हणाली, आणि तडक डॉक्टरांकडे गेली. सीटी स्कॅन झाला. खुब्याच्या हाडाला केसाएवढी चीर होती. आणखी थोडं चालल्या असत्या तर हाड सरकलं असतं. डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं. तिने ऐकून घेतलं.

ऑपरेशन झालं. रोज सावनीच वॉर्डात जाऊन त्यांना वॉकरवर चालवायची. सोनूबाईंनी एकदाही कुरकुर केली नाही. घरी जायचं होतं ना. बाकीचे पेशंट व्यायाम म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात, या दोनदा मागून घ्यायच्या. मला त्यांची दया आली आणि ती येते हे बघून जरा नवल वाटलं.

सोडायच्या दिवशी सदू मुंबईहून गाडी घेऊन आला. शहाणा माणूस, आवाज न चढवणारा. त्याने सावनीलाच विचारलं, “मॅडम, तुम्ही सांगा. एकटी राहील का ती?”

सावनीने नेहमीचे प्रश्न विचारले. रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्यांची उभी घाटी. संडास परसात. रात्री हाकेला कुणी नाही, रघूचं घरही लांब. सोनूबाई खाटेवर बसून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मीही बघत होते. एवढं एकदा खोटं बोल, असं मला मनापासून वाटलं.

“नाही,” सावनी म्हणाली. “एकट्या नाही राहू शकणार.”

वॉकर घेऊन, शिकवल्याप्रमाणे बिनचूक चालत सोनूबाई गाडीपाशी गेल्या. तिथे रघू उभा होता. त्याला म्हणाल्या, “घराला कुलूप नाय रे. कधी लागलाच नाय. बाजारातना एक इकत घेऊन जा.”

रघूने खाली बघत मान हलवली. सावनीने गाडीचं दार उघडून धरलं.

“आजी, आधी पाठमोऱ्या बसा,” ती म्हणाली. “मग पाय आत घ्या.”