पत्रिकेत कोणाचं नाव राहिलं?

ती फिर्याद आठवली की मी आजही एकटाच हसत बसतो, आणि घरच्यांना वाटतं, निवृत्तीनंतर साहेबांचं काही खरं नाही. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं हिंगोलीत गेली, तेव्हाची ही गोष्ट. नाव कोणाचंच घेणार नाही. सगळे सुखाने नांदत आहेत, नांदू द्यावं.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदार डायरी लिहीत होता, तेवढ्यात मोंढ्यातले एक आडते तरातरा आत आले. हळदीच्या बाजारातलं वजनदार माणूस. बापाविना वाढलेल्या पुतण्याचं लग्न त्यांनीच ठरवलेलं, आणि ते पंधरवड्यावर आलेलं. तक्रार अशी की नात्यागोत्यात सगळ्यांच्या फोनवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल फिरत होती. जो उघडेल त्याचा फोन हातचा जायचा. त्याच्या नकळत तीच फाइल त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना जायची आणि बँकेचे मेसेज परस्पर दुसराच कोणी वाचायचा. हे सांगून त्यांनी बोट दाखवलं ते थेट होणाऱ्या सुनेकडे.

“पोरगी कंप्युटरवाली हाय साहेब. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते. म्हणते, चोरांपासून कंप्युटर राखते. अन् महिन्यातल्या एका रविवारी हितं हॉलात पोरं जमवून कुलपं कशी फुटतेत ते शिकवून राहिली. तुमी चौकशी करा. तिचंच काम निघालं तर लगीन मोडलं म्हणून समजा.”

“तुम्ही उघडली का ती फाइल?”

“आमी? हात बी न्हाई लावला!”

त्या हॉलखाली चहाचं दुकान चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. त्यानेही मागच्या महिन्यात सांगितलं होतं, “साहेब, वरची पोरं सारखी अटॅक-अटॅक करतेत.” दोन बाजूंनी एकच खबर आली की पोलिसाचे कान टवकारतात. तक्रार अर्ज घेतला, नोंद केली आणि बैठकीच्या रविवारी जमादाराला घेऊन साध्या कपड्यांत हॉल गाठला.

दाराशी चपलांचा ढीग, आत पोह्यांचा वास. माहिती सुरक्षेचं काम करणाऱ्यांचा तो मेळा होता. बँकेचे कंप्युटर सांभाळणारा एक जण, तंत्रनिकेतनातले एक सर, आणि पुणे-हैदराबादच्या नोकऱ्या गावाकडून करणारी पोरं-पोरी. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. मला वाटलं, आता कुलपं फोडायला लागतील. पण त्यांची सुरुवातच वेगळी. प्रत्येक बैठकीत आधी कोणीतरी उभं राहून स्वतःची फजिती सांगायची, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या दिवशी बँकवाला उभा राहिला. दिवसभर लोकांना पासवर्ड जपायला सांगणाऱ्या या गृहस्थाने स्वतःचा पासवर्ड जेवणाच्या डब्याच्या झाकणावर लिहिला होता, आणि तो डबा बसमध्ये विसरला. टाळ्यांनी हॉल दणाणला.

मग बैठक चालवणारी मुलगी, तीच ती होणारी सून, आमच्याकडे वळली. “काका, तुमी नवीन दिसता. तुमची चूक?”

मी मान हलवून नाही म्हणालो. जमादार मात्र उठून उभा. “माझ्या फोनला एक-दोन-तीन-चार आहे.” टाळ्या पडल्या तसा तो खुलला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “साहेब, तुमचंबी तेच हाय ना?” झालं, बिंग फुटलं!

आम्ही कोण ते कळल्यावर मुलीचा चेहरा उतरला. तिला बाजूला बसवून चौकशी केली. तिने न मागताच फोन आणि लॅपटॉप पुढे ठेवला.

“लगीन मोडलं तर मोडू द्या साहेब,” ती म्हणाली. “पण बाबानं जवळा बाजारच्या शिवारात मेंढरं राखून मला शिकवलं. आता गाव म्हणंल, मेंढरं राखणाऱ्याच्या घरात लांडगा निघाला. ते बाबाला सोसायचं न्हाई.”

मला तिचं पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

तपासाची वाट तिनेच सांगितली. ज्याने फाइल सगळ्यांत आधी उघडली तो सापडला, की त्याला ती कोणी पाठवली हे कळेल. अडचण एकच होती. दोन दिवस आम्ही एकेक नातेवाईक विचारून काढला आणि प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं, मी उघडलीच नाही. सगळ्यांनी मेसेजही पुसून टाकलेले. कोणी उघडली नाही, तरी फाइल गावोगाव फिरते, म्हणजे ती काय एसटीने जाते?

तेव्हा मला एक गोष्ट सुचली. आपल्याकडे लग्नाची पत्रिका माणूस कशासाठी उघडतो? तिथी तर साऱ्या गावाला पाठ असते. तो उघडतो आपलं नाव पाहायला. निमंत्रकांत आपण आहोत का, आहोत तर कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली. मामाचं नाव राहिलं म्हणून बहीण-भावांनी वर्षानुवर्षं अबोला धरलेला मी पाहिला आहे.

दोन्हीकडच्या मंडळींना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. चहा दिला आणि सहज म्हणालो, “चौकशी मागून करू. आधी सांगा, पत्रिकेत कोणाचं नाव राहिलं?”

मुलीचे मामा उसळले, “नाव पाहाया पत्रिका तर दिसाया पाह्यजे! दाबून दाबून बोट दुखलं, खुललीच न्हाई!”

“आमची बी न्हाई खुलली!” एक आत्याबाई म्हणाल्या. एकाचं ऐकून दुसरा, असा कल्ला उठला. त्या सगळ्यांवर आडत्यांचा आवाज चढला, “अहो, मी तर तुमच्या समद्यांच्या आधी पाहिली! ते जे जे विचारून राहिलं त्याला व्हय व्हय करत गेलो, तरी माझं नाव…”

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

पंचांसमक्ष, त्यांच्याच संमतीने, मुलीने आणि तंत्रनिकेतनातल्या सरांनी त्यांचा फोन तपासला. फिर्यादी म्हणून त्यांचा फोन कोणी मागितलाच नव्हता, त्यामुळे अनोळखी नंबरचा मेसेज तिथे तसाच होता, बाकी सगळ्यांच्या आधीचा. त्यात ना नवरीचं नाव, ना नवऱ्याचं. लगीनघरात पत्रिका आली म्हणजे ती आपलीच, हे यांनी मनानेच धरलेलं. तो नंबर लगेच सायबर शाखेकडे पाठवला. त्याचं पुढे जे व्हायचं ते कायद्याने झालं.

पण खोलीत अजून कोणी हललं नव्हतं. मुलीचे वडील भिंतीला टेकून उभे होते, हातात टोपी. लग्न राहतं की मोडतं, ते आता आडत्यांच्या शब्दावर होतं. आडते उठले.

“आमी उघडली. अन् लाजेपायी चूक पोरीवर ढकलली.”

मुलीने टाळी वाजवली. आधी एकटीनेच. मग सरांनी, मग माझ्या जमादाराने, मग ठाण्यातल्या शिपायांनीसुद्धा.

आडते बावचळले. “हे काहून?”

“आमच्यात चूक सांगणाऱ्याला टाळ्या असतेत, काका,” ती म्हणाली. “द्या फोन, साफ करते.”

त्यांनी फोन दिला आणि तिच्या वडिलांना मिठी मारली. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले.

नंतरचे आठ दिवस मोंढ्यातला हा वजनदार माणूस अक्षता घेऊन घरोघर हिंडला. खरी पत्रिका हातात द्यायची, आपली फजिती रंगवून सांगायची आणि सुनेकडून साफ करून आणायला समोरच्याचा फोन मागायचा. ती हकिकत ऐकल्यावर कोणीही फोन लपवला नाही.

नोकरीत मी कबुलीजबाब पुष्कळ ऐकले. बहुतेक धाकाने दिलेले, म्हणून अर्धेमुर्धे. माणूस चोरापेक्षा स्वतःचं हसं होण्याला जास्त भितो, आणि चोर त्याच भीतीवर पोट भरतो. कबूल करणाऱ्याची इज्जत राखली तर खरं आपल्या पायाने चालत येतं. इतकी वर्षं खाकी घालून मला हे त्या पोरापोरींनी शिकवलं.

लग्नाला मी गेलो होतो. पाठवणीच्या वेळी मुलीचे वडील हमसून रडायला लागले, तेव्हा आडत्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“रडता काहून व्याही? बैठकीच्या रविवारी हिंगोलीला येत जा. मी तिला घेऊन हॉलातच असतो. फकत रिकाम्या हाती येऊ नका, एखादी चूक करून या.”