चिंचेने घासलेली सुरई

शारजात अल मजाजला आमच्या समोरच्या दारात एक रशियन बाई राहायच्या. त्यांचं जुन्या वस्तूंचं छोटं दुकान मंदीत बंद पडलं. मुलीकडे मॉस्कोला जाताना आपल्या आजीची काचेची सुरई त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. निळी काच, त्यावर मिन्याने रंगवलेला लाल-पांढरा कोंबडा, कडेला सोनेरी मुलामा आणि गळ्याभोवती सोनेरी रशियन अक्षरं. त्यांचा अर्थ त्यांनीच सांगितला, "फर्स्ट, द गेस्ट."

त्याच महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. प्रोजेक्ट 'होल्ड'वर गेलं आणि हा घरी. मी शाळेत शिकवून परत यायचे तेव्हा हा सोफ्यावर, फोन मांडीवर. त्याची चूक नाही हे कळत होतं, तरी डोक्यात तिडीक जायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी आले तर ओट्यावर देवाची पितळी भांडी लखलखत होती. जन्मात कधी कपबशी न विसळलेला माणूस चिंच-मीठ आणि तारेची घासणी घेऊन उभा होता. कोपरापर्यंत हात बरबटलेले, चेहरा खुललेला.

"तुझी सुरईपण घासून काढली बघ," तो म्हणाला. "कड पार काळवंडली होती. पितळच ते, म्हटलं चिंच लावू."

कोंबड्याचं डोकं गेलं होतं. सोनं आणि अक्षरं तर पुसलीच गेली होती.

"नोकरी घालवलीस, आता लोकांच्या वस्तूपण घालव!" मी ओरडले. "एक काम धड जमत नाही तुला. हात लावू नकोस माझ्या घरात कशाला!"

'माझ्या घरात' म्हणाले मी. तो हात धुऊन आत गेला.

दिवाळीत बाई परत आल्या. माफीची वाक्यं मी पाठ करून ठेवली होती. त्यांनी सुरईच्या गळ्यावरून अंगठा फिरवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही वॉण्टेड टु हेल्प, नो?" त्या परक्या बाईला जे लगेच दिसलं, ते मला दिसलं नव्हतं.

पुढे त्याला लांब अबूधाबीतल्या रुवैसला चांगली नोकरी लागली. दर गुरुवारी सुट्टीला घरी येतो. फ्रिज हाताच्या अंतरावर असतो, तरी स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारतो, "जरा पाणी मिळेल का?"

मी पेला भरून देते.